काठाखाली अर्धा इंच

लेंपी कांगस बरणी उजेडाला धरते
आणि एक डोळा मिटते.
तीस वर्षं पोस्टात पार्सलं तोलली तिनं,
अजूनही आधी हात अंदाज सांगतो,
मग पट्टीला विचारतो.

पट्टी म्हणजे लाकडी गजाचा मोडका तुकडा.
कधीच बंद पडलेल्या हार्डवेअरच्या दुकानाचं
निम्मं नाव त्यावर उरलंय,
आणि पाकात बुडून बुडून
पहिले दोन इंच काळे झालेत.

"पीचला अर्धा," ती म्हणते.
"जॅमला पाव. शेंगांना पुरता एक.
विसरलास तर विचार,
मनानं करू नकोस."

मी रेइनो. ट्रकवाला.
हे पीच मीच आणले दक्षिणेकडून,
रात्रभर, पूल ओलांडून,
केबिनमध्ये असा घमघमाट की डोळा लागू नये.
माझा सगळा जन्म भरण्यात गेला.
टाकी भरली, ट्रेलर भरला,
एक पेटी मावेल तिथं दीड कोंबली
आणि वजनकाट्यावर दंडही भरला.
अर्धा इंच मोकळा सोडायचा म्हटल्यावर
मला वाटलं, म्हातारी चिक्कू.

म्हणून मंगळवारी, ती कोंबड्यांकडे गेली तेवढ्यात,
सातही बरण्या मी काठोकाठ भरल्या,
वरून एकेक फोड अंगठ्यानं दाबून.

हंड्यातलं पाणी आधी नुसतं खदखदलं,
मग गढूळलं,
मग त्याला पीचचा वास सुटला,
जो खरं तर आत राहायचा होता.
लेंपी दारात उभी, अंड्यांची टोपली हातात.
चिमट्यानं एकेक बरणी तिनं बाहेर काढली,
टॉवेलवर ठेवली,
झाकणाखालून ओघळलेला पाक बघितला.
"उतलास," म्हणाली.
"आता निदान मातू नकोस."

पाच बसल्या, दोन बसल्याच नाहीत.
बोटानं दाबलं की झाकण
टक् करून खाली, टक् करून वर.
त्या दोन त्याच रात्री आम्ही पायरीवर बसून संपवल्या,
एकाच चमच्यानं.
बसलेल्या पाचांवर तिनं चिठ्ठी लावली: रेइनो.
आणि अगदी मागच्या फळीवर ढकलल्या.

"तापलं की फळ फुगतं, पाक वर चढतो,
हवा बाहेर पडते. निवलं की झाकण आत ओढलं जातं.
जागाच नसेल तर पाकच बाहेर पडतो.
आणि फार सोडलीस तर हवा उरते,
वरची फोड मातकट होते."

मी म्हणालो, "माणसांचंही असंच असतं, नाही?"
"माणसांचं मला ठाऊक नाही," ती म्हणाली.
"काठ पूस."

आज काठ पुसतोय.
ओल्या फडक्यानं गोल, मग बोट फिरवून,
कुठं कण, कुठं चिकटा.
त्याआधी काडी घालून बुडबुडे सोडवले,
तशी पातळी खाली बसली,
म्हणून पुन्हा पळीभर पाक, पुन्हा पट्टी.
चौथ्या बरणीला एक रेघ जास्त झाली
आणि मी, मी! चमचाभर काढून घेतला.
खिडकीबाहेर दुसरा काठ, सुपीरियरचा,
राखाडी पाणी कधी खडकावर, कधी खडकाखाली.
त्याला कुणी पट्टी लावत नाही.

आता रात्र. टेबलावर सात बरण्या,
एकमेकींना न टेकता.
लेंपी मोज्याची टाच विणतेय.
टिंग.
ती मान वर करत नाही, फक्त टाका मोजायचा थांबते.
टिंग. बऱ्याच वेळानं दोन लागोपाठ.
मग पाचवी. मग कॉफी गार झाल्यावर सहावी.

"सातवी?"
"हात लावू नकोस तिला."

ती लोकर गुंडाळून झोपायला जाते.
मी दिवा तसाच ठेवतो,
खुर्ची जरा पुढं ओढतो.
चौथी बरणी कुठली होती
ते मी विसरलोय.